रेघेवरची थकबाकी

विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो, कारण निवडीच्या सभेला मी गैरहजर होतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने सूचनांसाठी एक संकेतस्थळ काढून दिले आणि म्हणाला, "मामा, मार्कडाउनमध्ये लिहा. साध्या मजकुरात खुणा टाकायच्या, त्यांची शीर्षकं नि याद्या संगणक करतो. अगदी साध्या पत्रासारखं असतं."

मी पत्रासारखेच लिहिले. 'रविवारी टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील'. त्याखालच्या ओळीत 'ब-६ यांनी थकबाकी त्वरित भरावी'. आणि मजकूर संपला हे कळावे म्हणून, शाळेपासूनच्या सवयीने, लगेच खाली डॅशांची एक रेघ ओढून माझे नाव. माझ्या संगणकावर दोन्ही ओळी शीर्षक होऊन लग्नपत्रिकेतल्या श्रीगणेशासारख्या झळकल्या. संकेतस्थळावर मात्र पाण्याची ओळ मुंगीएवढीच राहिली आणि थकबाकी तेवढी दुकानाच्या पाटीएवढी झाली. सकाळी ब-६ मधले तात्या दारात उभे! "काय ओ सेक्रेटरी, टाकी धुताय का मला धुताय?"

भाच्याला फोन लावला, तेव्हा खुलासा झाला. मार्कडाउनमध्ये ओळीच्या लगेच खाली डॅश ओढले, की ती ओळ शीर्षक होते. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउनचे वर्णन आणि पर्ल भाषेतला एक प्रोग्राम प्रसिद्ध केला. पण वर्णन जिथे गप्प होते, तिथे पुढच्या प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या मनाचा कौल घेतला. हा गोंधळ निस्तरण्यासाठी २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाची नियमावली निघाली. ती लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे ऐकून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. तिच्यात सहाशेहून अधिक उदाहरणे आहेत आणि नेमक्या माझ्यासारख्या मजकुराचे, म्हणजे दोन ओळी, खाली डॅश, त्याखाली आणखी एक ओळ, चार अर्थ दिले आहेत: फक्त दुसरी ओळ शीर्षक, किंवा दोन्ही ओळी शीर्षक, किंवा डॅश म्हणजे नुसती रेघ, किंवा सगळा एकच परिच्छेद. त्यांनी दोन्ही ओळींचे शीर्षक हा अर्थ सर्वांत स्वाभाविक मानला. तात्यांनी पाचवा काढला होता.

पुढच्या सूचनेत मी '१.', '२.', '३.' असे मुद्दे घातले, तर तिन्ही मुद्दे एकाच ओळीत दाटीवाटीने बसले. यादीचा आकडा इंग्रजीच हवा, एवढे मात्र त्या नियमावलीत निःसंदिग्धपणे लिहिलेले आहे!

आता मी डॅशांच्या आधी एक ओळ कोरी सोडतो. मग रेघ ही रेघच राहते. परवा तात्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारले, "ही जागा कुणाच्या नावासाठी ठेवलीय?"