चप्पल इथंच काढा, ताई!

भीमाशंकरला एसटीतून उतरलं की पायऱ्यांच्या तोंडाशीच सुरू होतं. "ताई, चप्पल इथंच काढा, पुढे जागा नाही, फुकट आहे!" फुकट कसलं? चप्पल काढली की हातात बेल-फुलांचं ताट. नको म्हटलं तर तोंड वाकडं. मग श्रावणातल्या पावसात, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून शेकडो पायऱ्या अनवाणी उतरायचं. खाली पोचल्यावर बघते तर काय, देवळापाशी चपलांचा ढीग! म्हणजे जागा होती की! दरवर्षी हेच, आणि दरवर्षी मी फसते. चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली ती पोर्तुगीज घंटा जरा निवांत बघावी म्हटलं, तर सगळा जीव वर ठेवलेल्या चपलेत. गेल्या खेपेला तर नवी होती हो, कोल्हापुरी!