"ओळ संपली की कवच भरलं" हे खरं नाही

दहावीच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक "युक्ती" फिरत असते: आवर्तसारणीतली प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक कवच (अणूतल्या इलेक्ट्रॉनांचा एक थर), ओळ संपली की कवच भरलं. कवचांत अनुक्रमे 2, 8, 8, 18 इलेक्ट्रॉन मावतात. आवर्ताचा, म्हणजे आडव्या ओळीचा, क्रमांक म्हणजे कवचांची संख्या, कायम. आणि आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने इलेक्ट्रॉन मोजूनच या ओळी पाडल्या. गुणांपुरती ही युक्ती चालूनही जाते. पण तिच्यामुळे मुलांचे चांगले प्रश्न जागच्या जागी मरतात, म्हणून हे लिहितो आहे.

"ओळ संपली की कवच भरलं." पहिल्या दोन ओळींत हे जुळतं: हेलियम 2; निऑन 2, 8 (पहिल्या कवचात 2, दुसऱ्यात 8). तिसरी ओळ अरगॉनवर संपते, त्याचं संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनांची कवचांतली वाटणी, 2, 8, 8. आता कवचाच्या क्षमतेचा नियम आठवा: क्रमांकाचा वर्ग गुणिले दोन. तिसऱ्या कवचात 18 मावतात. म्हणजे अरगॉनमध्ये दहा जागा रिकाम्या, तरी ओळ संपलेली! आणि पुढच्या पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन त्या दहा जागा सोडून चौथ्या कवचात बसतो: 2, 8, 8, 1. "आत जागा असताना हा बाहेर का गेला?" असं एखाद्या मुलीने विचारलं, तर "पाठ कर" हे त्याचं उत्तर नव्हे.

उत्तर उपकवचांत आहे. तिसऱ्या कवचात एस (2), पी (6) आणि डी (10) असे तीन भाग. अरगॉनचं डी पूर्ण रिकामं असतं. चौथ्या कवचातला एस इलेक्ट्रॉन बहुतेक वेळ लांब असला, तरी अधूनमधून केंद्रकाच्या अगदी जवळ, आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशापलीकडे पोचतो. डी इलेक्ट्रॉनला ते फारसं जमत नाही. म्हणून पोटॅशियममध्ये चौथं एस कमी ऊर्जेचं ठरतं. नवी ओळ नव्या कवचाच्या एसने उघडते आणि, पहिली ओळ सोडली तर, त्याच कवचाचं पी भरलं की संपते. चौथ्या ओळीत एसचे 2, तिसऱ्या कवचाच्या डीचे 10, मग पीचे 6, असे 18. तिसरं कवच भरतं ते थेट तांब्यापाशी: 2, 8, 18, 1.

मात्र जो आधी भरला तो शेवटी निघेल, असं समजू नका. हिराकशीचा (लोहाच्या सल्फेटचा) फिकट हिरवा खडा हातात घ्या. त्यातल्या लोहाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, आणि 2, 8, 14, 2 मधले जातात ते बाहेरचे, चौथ्या कवचातले दोन.

"2, 8, 8, 18" ही क्षमता नाहीच. क्षमता 2, 8, 18, 32. ओळींची लांबी 2, 8, 8, 18, 18, 32, 32. युक्तीने दोन्ही याद्या एकत्र कालवल्या आहेत.

"आवर्ताचा क्रमांक म्हणजे कवचांची संख्या, कायम." जवळजवळ कायम. पॅलॅडिअम, अणुअंक 46, पाचव्या ओळीत बसतं, पण त्याचं संरूपण 2, 8, 18, 18 आहे. पाचवं कवच रिकामं!

राहिला मेंडेलीव्ह. त्याची सारणी 1869 ची, इलेक्ट्रॉनचा शोध 1897 चा. त्याच्याकडे होते अणुवस्तुमान आणि मूलद्रव्यांचे गुणधर्म. त्या बळावर त्याने अ‍ॅल्युमिनिअमखाली एक जागा मोकळी सोडली, आणि 1875 मध्ये गॅलिअम सापडून ती भरली. आज आपण अ‍ॅल्युमिनिअमचं 2, 8, 3 आणि गॅलिअमचं 2, 8, 18, 3 शेजारी लिहून शेवटचा तीन दाखवू शकतो. त्याला तो आकडा दिसत नव्हता, तरी जागा बरोबर सापडली होती.