ध्रुवावरचा फोटो खोटा ठरवण्याआधी बॉवर्सचा हात बघा

‘कॅप्टन स्कॉटचा दक्षिण ध्रुवावरचा फोटो बनावट’ असा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. (स्कॉट म्हणजे जानेवारी १९१२ मध्ये चार साथीदारांसह ध्रुवावर पोचलेला आणि परतीच्या वाटेवर त्यांच्यासह मेलेला ब्रिटिश मोहीमप्रमुख.) माझ्या भाचीनं तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना. त्यातला दावा थोडक्यात असा: ध्रुवावर गेले पाच, फोटोतही पाच, मग कॅमेऱ्यामागे कोण? मोहिमेचा फोटोग्राफर हर्बर्ट पाँटिंग तर ध्रुवावर गेलाच नव्हता. उणे तीस अंशांत कॅमेरा चालत नाही, दहा महिने बर्फात पडलेली फिल्म धुता येत नाही, चेहरे नंतर काळे केलेत आणि त्या काळात फोटो असेच जोडून बनवायचे. म्हणून सगळं लंडनच्या स्टुडिओतलं.

‘कॅमेऱ्यामागे कोण’ हे विचारणाऱ्यानं फोटो मोठा करून पाहिलेलाच नाही. ओट्स, स्कॉट आणि एडगर इव्हान्स उभे आहेत, पुढे बॉवर्स आणि विल्सन बसलेत. बॉवर्सच्या हातात दोरी आहे आणि तिचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या शटरला बांधलंय. शटर स्प्रिंगवर चालतं. खटका बोटानं दाबा नाहीतर दोरीनं ओढा, उघडमीट तेवढीच होते. अशा फोटोतली खरी अडचण वेगळी असते. दोरीला हिसका बसला की कॅमेरा हलतो आणि चेहरे फिसकटतात, म्हणून आधी सगळी ढील काढून मग सावकाश ताण वाढवावा लागतो. फोकसही आधीच अंतर मोजून लावून ठेवायचा. पाँटिंग ध्रुवावर नव्हता हे खरंच. पण १९११ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकातल्या केप इव्हान्सच्या मुक्कामात त्यानं स्कॉट, बॉवर्स आणि मोहिमेतला भूगर्भशास्त्रज्ञ डेबनहॅम यांना फोटोग्राफीचे धडे दिले होते. ते हेच प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून.

याहून वेगळा पुरावा हवा असेल तर स्कॉटची डायरी आहे. मूळ वह्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८ जानेवारी १९१२ च्या नोंदीत बर्फाचा ढीग रचला, युनियन जॅक लावला, स्वतःचे फोटो काढले, आणि हे सगळं काम भयंकर थंडीचं होतं, असं सरळ लिहिलंय. त्याच मुक्कामात, त्यांच्याआधीच ध्रुवावर पोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनच्या तंबूजवळ काढलेल्या फोटोत चौघेच दिसतात, कारण तिथे कॅमेरा बॉवर्सच्या हातात होता. अमुंडसेनच्या पाच जणांच्या तुकडीच्या प्रसिद्ध फोटोतही चौघेच आहेत. पाचवा ब्यालँड फोटो काढत होता. तिथे कुणी शंका घेत नाही!

थंडीबद्दलच्या दाव्यात अर्धं तथ्य आहे, तेवढं कबूल. गारठ्यात वंगण घट्ट होतं, शटर रेंगाळतं आणि फोटोला जास्त उजेड बसतो. त्यावर उपाय म्हणजे वंगण आधीच पुसून काढणं. फिल्म कडक होते, घाईनं गुंडाळली तर तडकते. श्वास भिंगावर पडला की तिथेच गोठतो. गार कॅमेरा उबदार तंबूत नेला की आतबाहेर दव धरतं, आणि परत बाहेर काढला की त्याचा बर्फ होतो. हे सगळं त्रासदायक आहे, अशक्य नाही.

पण ‘बर्फात फिल्म टिकत नाही’ हे मात्र धादांत उलटं आहे. थंडीनं फिल्मवरची रासायनिक झीज मंदावते. फिल्मचा खरा शत्रू पाणी: जिलेटिन फुगतं, थर एकमेकांना चिकटतात. स्कॉटचा शेवटचा तंबू १२ नोव्हेंबर १९१२ ला सापडला, तो जवळजवळ कायम गोठणबिंदूखाली असणाऱ्या कोरड्या रॉस हिमथरावर. फिल्म केप इव्हान्सला आणून डेबनहॅमनं धुतली. हे दहा महिनेही जास्त वाटत असतील तर स्वीडनच्या आंद्रेची मोहीम बघा. १८९७ मध्ये बलूननं उत्तर ध्रुवाकडे निघालेले तिघे आर्क्टिकमधल्या क्वितोया बेटावर मेले. त्यांच्या फिल्म १९३० मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी सापडल्या, आणि तिथे तर उन्हाळ्यात बर्फ वितळतं. तरी स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्गनं २४० पैकी ९३ फोटो वाचवले. बर्फावर आडवं पडलेलं बलून आणि त्याच्याकडे बघत उभे असलेले दोघे, हा फोटो त्यातलाच.

काळे चेहरे? उन्हानं आणि हिमदंशानं लालबुंद झालेली, चुलीची काजळी बसलेली कातडी होती ती. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल ते काळं उमटायचं.

राहिलं जोडकाम. फ्रँक हर्ली, शॅकलटनच्या नंतरच्या ‘एंड्युरन्स’ या अंटार्क्टिक मोहिमेचा फोटोग्राफर, खरंच निगेटिव्ह जोडायचा. ‘सुटकेचा क्षण’ म्हणून गाजलेला त्याचा फोटो मुळात २४ एप्रिल १९१६ ला ‘जेम्स केर्ड’ ही होडी मदत आणायला निघाली तेव्हाचा आहे. सुटका झाली ३० ऑगस्टला. ती लबाडीच होती. पण हर्ली स्कॉटच्या मोहिमेत नव्हता, आणि बॉवर्सची फिल्म त्याच्या हातात कधी गेलेलीही नाही.