‘लव्ह हॉर्मोन’वाला तो मेसेज, मुद्द्यामुद्द्याने

ऑक्सिटोसिनचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. त्यात थोडक्यात असं लिहिलंय की ऑक्सिटोसिन हे प्रेमाचं हॉर्मोन, त्याचा स्प्रे नाकात मारला की माणूस समोरच्यावर विश्वास ठेवायला लागतो, व्होल नावाच्या प्राण्यांवर हे कधीच सिद्ध झालंय, ऑटिझम असलेल्या मुलांनाही फायदा होतो, आणि वर हे की आता पाच-दहा संस्था मिळून तेच तेच प्रयोग करतायत ती निव्वळ पैशांची नासाडी. मी या विषयात काम करते, त्यामुळे ओळखीच्या चार जणांनी तो मला पाठवला, म्हणून लिहितेय. शेवटचा मुद्दा त्यातला सगळ्यात चुकीचा आहे, कारण आधीचे तीन का टिकत नाहीत ते कळलं तेच मुळी या एकत्र कामातून.

आधी स्प्रे. हा दावा हवेतला नाही, २००५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत झुरिकच्या टीमचा पेपर आला होता. पैशांचा खेळ होता, आपल्याकडचे पैसे अनोळखी माणसाला द्यायचे, त्याच्याकडे जाताना ते तिप्पट होतात, मग परत किती द्यायचे ही त्याची मर्जी. ऑक्सिटोसिन घेतलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सगळेच्या सगळे पैसे देऊन टाकले आणि नुसता खोटा स्प्रे घेतलेल्या २९ पैकी ६ जणांनी. ऐकायला जबरदस्त, पण गट बघा ना केवढेसे आहेत, तीन-चार जणांनी मन बदललं असतं तरी चित्र वेगळं दिसलं असतं. २०२० मध्ये हेच ६७७ पुरुषांवर करून बघितलं, हिशोब कसा करणार तेही आधीच जाहीर करून ठेवलेलं, म्हणजे नंतर सोयीचं तेवढं उचलायला जागाच नाही. विश्वास वाढलेला दिसला नाही. आणि अर्न्स्ट फेर, जे २००५ च्या पेपरचे एक लेखक, तेच या पेपरचेही एक लेखक आहेत. आपलाच गाजलेला निकाल दुसऱ्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांबरोबर बसून परत तपासायचा, याला खूप मोठं मन लागतं आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

आता व्होल. प्रेअरी व्होल म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, नर-मादी जोडी करून राहतात. जोडी जमली का ते बघायची टेस्ट अशी, पेटीच्या एका टोकाला जोडीदार बांधून ठेवायचा, दुसऱ्या टोकाला अनोळखी व्होल, आणि ज्याची टेस्ट आहे त्याला मध्ये मोकळा सोडायचा, तीन तास. तो कोणाला किती वेळ चिकटून बसला ते मोजायचं. ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची ज्या जागी ते चिकटून काम करतं ती जागा, औषधाने बंद केला तर जोडी जमत नाही हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं आणि मेसेजवाल्याने तेवढंच उचललंय. पण २०२३ मध्ये देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या टीम्सनी, एक सॅन फ्रान्सिस्कोची कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी आणि एक स्टॅनफर्ड, तो रिसेप्टर जीनमधूनच काढून टाकला, आणि व्होल तरीही जोडीदाराला चिकटून बसले! माद्यांना पिल्लं झाली, त्यांनी दूधही पाजलं, फक्त जगलेली पिल्लं कमी होती. म्हणजे जुने प्रयोग खोटे का, तर अजिबात नाही, मोठेपणी अचानक बंद करणं वेगळं आणि जन्मापासूनच नसणं वेगळं, कदाचित वाढताना मेंदू दुसरी वाट शोधत असेल. पण ‘एक हॉर्मोन म्हणजे प्रेम’ एवढं सोपं ते नक्कीच नाही.

ऑटिझमचा मुद्दा वाचून मात्र जीव तुटतो, कारण आईवडील त्यावर आशा लावून बसतात. अमेरिकेतल्या अनेक सेंटर्सनी मिळून ३ ते १७ वयाच्या २९० मुलांवर २४ आठवडे ट्रायल केली, २०२१ मध्ये निकाल आला, खोट्या स्प्रेपेक्षा जास्त फायदा झाला नाही. एकेका सेंटरने वीस-पंचवीस मुलं घेऊन केलं असतं तर कुठेतरी योगायोगाने फायदा दिसला असता आणि त्याचीच बातमी झाली असती.

राहिलं ‘तेच तेच’. १९९९ मध्ये ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड अशा तीन लॅब्सनी ठरवून सगळं सारखं ठेवलं, उंदरांच्या जाती त्याच, उपकरणं तीच, वेळापत्रक तेच, आणि तरी काही टेस्टमध्ये लॅबगणिक निकाल वेगळे आले. एका लॅबमध्ये उंदीर हाताळणाऱ्याला उंदरांची ॲलर्जी होती म्हणून तो तोंडाला रेस्पिरेटर लावून काम करायचा, त्यानेही फरक पडला असेल अशी शंका घ्यावी लागली. २०१४ मध्ये तर असं दिसलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या, अगदी त्याच्या घातलेल्या टीशर्टच्याही वासाने उंदरांवर ताण येतो. हे एका लॅबला आतून कसं कळणार, तिथे रोज तोच माणूस, तोच वास.

मी दुसऱ्या एका लॅबबरोबर व्होलचे व्हिडिओ मोजले तेव्हा तोच व्हिडिओ बघून आमचे आकडे जुळेनात. शेवटी कळलं, मी अंगाला अंग लागलं की घड्याळ सुरू करत होते आणि त्या लॅबचे लोक दोन्ही व्होल शांत बसल्यावर. व्याख्या ठरवायला तीन आठवडे गेले, मग सगळे व्हिडिओ पहिल्यापासून परत मोजले.