लग्नाचे फोटो निवडून द्या हो!

आषाढी झाली. आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत आम्हा लग्नवाल्या फोटोग्राफरांकडे काढीव मुहूर्तांची दोन-चार कामं, बाकी उसंत. या दिवसांत मी माझ्या आवडीचं काम करतो. फलटण आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन लग्नांचे जुने अल्बम कॉपी करून देतो. पैसे घेत नाही.

गेल्या आठवड्यात एका वाड्यात १९६८ सालचा अल्बम उघडला. काळी जाड पानं, तिकोनी कॉर्नरमध्ये बसवलेले फोटो, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. फोटो चोवीस. १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर चौकोनी फोटो बाराच यायचे, म्हणजे अख्खं लग्न दोन रोलांत! एका फोटोच्या कडेला, पंगतीत पाण्याची झारी घेऊन उभा असलेला एक पोरगा होता. आजी म्हणाल्या, "हा माझा धाकटा दीर. वर्षाच्या आत गेला. ह्याचा एवढाच फोटो."

त्याच घरात मुलाच्या लग्नाची, २००८ सालची डीव्हीडी होती. अल्बम "नंतर करू" म्हणून राहिलेला. डीव्हीडी तीन ठिकाणी लावून पाहिली, एकही फाइल उघडली नाही. अशा डीव्हीडीवर माहिती रंगाच्या पातळ थरात असते आणि उन्हा-उष्म्याने तो थर बिघडतो. कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचा. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुऊन काढलं असेल तर आजोबांचा फोटो नातू सहज बघतो.

आता माझं दुखणं सांगतो. माझ्याकडे आज सतरा लग्नं निवडीसाठी पडून आहेत, सगळ्यात जुनं २०२१ चं. फोन केला की "दादा, या रविवारी बसतोच." आधी मला राग यायचा. पण खरं सांगू? चूक आमचीही आहे. दमलेल्या माणसांपुढे आम्ही तीन हजार फोटो ओततो आणि म्हणतो, निवडा! म्हणून गेल्या वर्षापासून मीच सहाशे ठेवतो, आणि त्यातले साठ आधी निवडून देतो. ते साठ तरी पंधरा दिवसांत कागदावर आलेच पाहिजेत, यावर मी अडून बसतो.

त्या साठांत ड्रोनचा एकच असतो. कानपिळीला लाजणारा भाऊ असतो, सूनमुख बघताना आरशात आलेले दोघींचे चेहरे असतात. काही घरांत मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई तुळशीला पाणी घालायला बाजूला जाते. तेव्हा सगळे मोबाइल स्टेजकडे वळलेले असतात. मी माझ्या जोडीदाराला मुद्दाम तिच्या मागे पाठवतो. पुढे घरचे हाच फोटो मोठा करून मागतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि नावं लिहा! फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीने, न दाबता. बॉलपेन नको, वळ पुढून उमटतो.

जुने फोटो काचेला चिकटले असतील तर कृपा करून ओढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. मी काचेसकट कॉपी करतो, वर काळं कापड धरून, म्हणजे चमक येत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटोही उपटू नका. मी दोरा घालून हळूहळू सोडवतो, एका पानाला कधी अर्धा तास लागतो.

फलटण, लोणंद, बारामती भागात कुणाकडे असे अल्बम असतील तर मेसेज करा. टेबल, दिवे माझे मी आणतो, फोटो तुमच्या घराबाहेर जाणार नाही. फक्त घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस शेजारी बसलेलं हवं. कार्तिकीपर्यंत मी मोकळा आहे.