दुकानात न पोहोचलेल्या ॲड-ऑनचा इतिहास का लिहायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार,

मागील लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य ठरले नसते, म्हणून हे स्वतंत्रपणे लिहीत आहे. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांसाठी) जाहीर झालेली, प्रदर्शनांत मांडलेली, परंतु दुकानात कधीच न आलेली ॲड-ऑन (कन्सोलला नंतर जोडायची जादा उपकरणे) आणि ॲक्सेसरीज यांची नोंद विकल्या गेलेल्या यंत्रांइतक्याच काळजीने ठेवली पाहिजे, असे मी त्या लेखात म्हटले होते. त्यावर आपला आक्षेप असा की, जी वस्तू कुणी विकत घेतली नाही आणि जिच्यावर कुणी खेळले नाही, ती इतिहासाचा भाग होऊ शकत नाही. ती फार तर कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांची बाब आहे. शिवाय अशा लेखनामुळे लिलावातील किमती फुगतात आणि हा सारा खटाटोप अखेर मूठभर श्रीमंत संग्राहकांच्या कामी येतो, असेही आपण लिहिले आहे.

वस्तू विकली गेली नाही म्हणजे तिचा परिणाम झाला नाही, या गृहीतकावर आपला मुख्य आक्षेप उभा आहे आणि माझा विरोध नेमका त्या गृहीतकालाच आहे. ॲड-ऑन हे स्वतंत्र यंत्र नसते. ते ज्या कन्सोलला जोडायचे असते तो कन्सोल आधीच बाजारात आलेला असतो, लोकांच्या घरात पोहोचलेला असतो, आणि पुढे ॲड-ऑन येणार या भरवशावर त्याची रचना, त्याची जाहिरात आणि पुष्कळदा त्याची विक्रीही झालेली असते. ॲड-ऑन रद्द करता येते, पण त्याच्या भरवशावर जे आधीच होऊन गेले ते रद्द करता येत नाही.

मॅटेल या अमेरिकी खेळणी-कंपनीच्या इंटेलिव्हिजनचे उदाहरण मूळ लेखात ओझरते आले होते. ते इथे सविस्तर सांगते, कारण आपल्या आक्षेपाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. १९७९ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात या कन्सोलची चाचणी-विक्री झाली आणि १९८० पासून तो अमेरिकाभर मिळू लागला. कंपनी त्याला ‘मास्टर कंपोनंट’ म्हणत असे, कारण त्याच्या जोडीला ‘कीबोर्ड कंपोनंट’ लवकरच येणार असल्याचे तिने सुरुवातीपासून सांगितले होते. हा दुसरा भाग आकाराने कन्सोलपेक्षा मोठा होता. कन्सोल त्याच्यावरच्या खाचेत बसवायचा, म्हणजे खेळण्याचे यंत्र घरगुती संगणक होणार, अशी योजना होती. त्यात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर होता आणि संगणकाच्याच नियंत्रणाखाली चालणारा कॅसेट ड्राइव्ह होता. एकाच कॅसेटवर प्रोग्रॅम आणि ध्वनी अशा दोन्ही गोष्टी ठेवता येत असल्यामुळे फ्रेंच संभाषण शिकवणारा किंवा व्यायाम करवून घेणारा कार्यक्रम पडद्यावरच्या चित्राबरोबर खऱ्या माणसाच्या आवाजात बोलू शकत असे. त्या काळातील घरगुती यंत्रासाठी ही कल्पना फार पुढची होती आणि तिच्यामागे खरी अभियांत्रिकी होती, हे मी आजही आग्रहाने म्हणेन.

मात्र ते यंत्र महाग पडत होते आणि त्याची विश्वासार्हता मॅटेलला समाधानकारक वाटेना. तारखा पुढे ढकलल्या जात राहिल्या. ज्या ग्राहकांनी पुढे संगणक मिळणार म्हणून इंटेलिव्हिजन घेतला होता, त्यांनी तक्रारी केल्या, आणि त्या तक्रारी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी आयोगापर्यंत गेल्या. १९८२ साली कंपनीवर आश्वासन पुरे होईपर्यंत दररोज १०,००० डॉलर दंड बसवण्यात आला. तोवर सुमारे ४,००० कीबोर्ड कंपोनंट तयार झाले होते आणि त्यांतील काही चाचणी-विक्रीत व टपालाने ग्राहकांकडे गेले होते. मॅटेलने ते यंत्र रद्द केले, ज्यांच्याकडे ते होते त्यांना पैसे परत देऊ केले, आणि ज्यांना ते ठेवूनच घ्यायचे होते त्यांच्याकडून, यापुढे यासाठी नवे सॉफ्टवेअर किंवा तांत्रिक मदत मिळणार नाही हे आम्हांस मान्य आहे, असे लिहून घेतले. आश्वासन पाळल्याचे दाखवण्यासाठी १९८३ मध्ये ‘एंटरटेनमेंट कॉम्प्युटर सिस्टिम’ हे जे संगणक-ॲड-ऑन बाजारात आले, ते मूळ कल्पनेच्या मानाने फारच साधे होते. हा स्वस्त पर्याय कीबोर्ड कंपोनंट बनवणाऱ्या मूळ गटापासून लपवून कंपनीतल्याच दुसऱ्या गटाने तयार केला होता.

आता आपणच विचार करावा. ‘बाजारात न आलेले म्हणजे इतिहासाबाहेरचे’ हा निकष लावला, तर एंटरटेनमेंट कॉम्प्युटर सिस्टिम इतिहासात राहते आणि ते का जन्मले याचे एकमेव कारण इतिहासातून वगळले जाते. सरकारी आयोगाचा दंड, ग्राहकांच्या तक्रारी, लिहून घेतलेली ती संमतिपत्रे, या सर्वांचा संबंध एका अशा यंत्राशी आहे जे पूर्णार्थाने कधी विक्रीला आलेच नाही. ज्या कुटुंबाने संगणक मिळेल या आशेने कन्सोल घेतला त्याचे पैसे तर खरेच खर्च झाले होते. ही कंपनीची अंतर्गत बाब कशी म्हणता येईल?

दुसरे उदाहरण परिणामाने लहान आहे, पण मला ते फार मोलाचे वाटते, कारण ते आजही कानांनी पडताळून पाहता येते. निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपले अमेरिकेतील यंत्र जानेवारी १९८५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ‘ॲडव्हान्स्ड व्हिडिओ सिस्टिम’ या नावाने मांडले होते. त्यात कीबोर्ड होता, संगीताची (पियानोसारखी) पट्टी होती, कॅसेट रेकॉर्डर होता आणि बिनतारी कंट्रोलर होते. यातले काहीही त्या स्वरूपात विकले गेले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क परिसरात हे यंत्र एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम) या नावाने आले ते साध्या करड्या पेटीच्या रूपात. परंतु त्या पेटीच्या तळाशी, झाकणाखाली, ४८ पिनांचे एक एक्स्पान्शन पोर्ट, म्हणजे पुढे जादा उपकरण जोडण्याची जागा, ठेवलेले होते. निन्टेन्डोने त्याला जोडायचे एकही उपकरण कधी विकले नाही.

हे पोर्ट नुसतेच रिकामे राहिले असते तर मी त्याबद्दल लिहिले नसते. फॅमिकॉममध्ये, म्हणजे एनईएसच्या जपानी आवृत्तीत, कन्सोलचा आवाज कार्ट्रिजमधून (खेळ साठवलेल्या डबीतून) फिरून परत येत असे, त्यामुळे कार्ट्रिजमधली चिप स्वतःचे जादा सूर त्यात मिसळू शकत असे. एनईएसमध्ये ही ध्वनीची वाट कार्ट्रिजऐवजी तळाच्या पोर्टाकडे वळवली गेली, आणि पोर्टाला जोडायचे उपकरण आलेच नाही, म्हणून ती वाट अर्धवट राहिली. कोनामी या कंपनीच्या ‘अकुमाजो देन्सेत्सू’ या १९८९ च्या जपानी खेळातील व्हीआरसी-६ चिपमुळे संगीताला तीन जादा चॅनेल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे तीन जादा सूर, मिळाले होते. अमेरिकेत तोच खेळ ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून आला तेव्हा चिप वेगळी होती आणि संगीत कन्सोलच्या मूळ पाच चॅनेलांत नव्याने बसवलेले होते. निन्टेन्डो ऑफ अमेरिका परक्या चिपांना परवानगी देत नसे, हेही त्याचे एक कारण होते, हे नमूद करणे आवश्यक आहे. परंतु आज एखाद्याने योग्य कार्ट्रिज वापरून मूळ जपानी संगीत एनईएसवर ऐकायचे ठरवले, तर त्याला तळाच्या पोर्टातील दोन पिनांमध्ये ४७ किलो-ओहमचा रोधक जोडावा लागतो, आणि तो जोडताच गायब असलेले सूर ऐकू येऊ लागतात. न आलेल्या उपकरणाची जागा इतकी नेमकी दाखवणारा पुरावा क्वचितच मिळतो.



निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलसाठी, म्हणजे सुपर निन्टेन्डोसाठी, सोनीबरोबर ठरलेल्या सीडी-ॲड-ऑनबद्दल आपण ‘अतिपरिचित कथा’ असे म्हटले आहे. कथा परिचित आहे हे मान्य, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. १९८८ मधील करार, जून १९९१ मध्ये शिकागो येथे सोनीने ‘प्ले स्टेशन’ जाहीर करणे आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर करणे, एवढा भाग सर्वांना ठाऊक असतो. १९८८ च्या करारानुसार सीडीवरील खेळांचे हक्क सोनीकडे जाणार होते आणि ते निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना मान्य नव्हते. माझे म्हणणे त्यापुढच्या भागाबद्दल आहे. फिलिप्सच्या सीडी-आय या सीडी-यंत्रावर निन्टेन्डोच्या मारिओ आणि झेल्डा या पात्रांचे जे खेळ १९९३ पासून आले, ते या रद्द झालेल्या व्यवहारातून मिळालेल्या परवानगीमुळेच येऊ शकले. स्क्वेअर या जपानी कंपनीचा ‘सिक्रेट ऑफ माना’ हा खेळ सीडीसाठी आखला गेला होता आणि ॲड-ऑन येत नाही हे स्पष्ट झाल्यावर त्याला बराच कापून कार्ट्रिजमध्ये बसवावे लागले. आणि सुपर निन्टेन्डोची ध्वनी-चिप रचणारे केन कुतारागी सोनीतच राहून ज्या यंत्राच्या मागे लागले, ते सोनीचे स्वतःचे प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आले. या तिन्ही गोष्टी दुकानात मिळाल्या, आणि ज्या एका गोष्टीमुळे त्या घडल्या ती मिळाली नाही.

आता लिलावांकडे येते. २०१५ मध्ये त्या रद्द झालेल्या सीडी-यंत्राचा, म्हणजे १९९१ च्या ‘प्ले स्टेशन’चा, एक प्रोटोटाइप (नमुना-यंत्र) जगासमोर आला आणि मार्च २०२० मध्ये तो ३ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. असे आकडे वर्तमानपत्रांत झळकले की लोकांच्या मनात वस्तूचे महत्त्व म्हणजे तिची किंमत हे समीकरण पक्के होते, ही आपली खंत मलाही मनापासून पटते. पण यावर उपाय म्हणून लिहिणेच थांबवावे, हे मला पटत नाही. विक्रीपूर्वी त्या यंत्राच्या मालकाने ते उघडून तपासू दिले, जुनी कन्सोल खोलून दुरुस्त करणारे बेन हेकेंडॉर्न यांनी २०१७ पर्यंत त्याचा सीडी ड्राइव्ह चालता केला, आणि सोबतच्या सिस्टिम कार्ट्रिजमधील प्रोग्रॅमची प्रत निघून तिचा अभ्यास झाला. त्यातून कळले ते असे: या प्रोटोटाइपमध्ये सीडी ड्राइव्ह आहे, कार्ट्रिजमध्ये जादा मेमरी आहे, परंतु चित्रांचा दर्जा वाढवणारा कोणताही नवा प्रोसेसर नाही. त्याच काळात निन्टेन्डोची स्पर्धक सेगा हिने आपल्या मेगा ड्राइव्ह कन्सोलसाठी आणलेल्या मेगा-सीडी या ॲड-ऑनमध्ये मात्र दुसरा ६८००० प्रोसेसर आणि चित्रे फिरवणारी-मोठी करणारी चिप होती. हे यंत्र आले असते तर सेगाला सहज मागे टाकले असते, ही दंतकथा या अभ्यासामुळे निदान या प्रोटोटाइपपुरती निकालात निघाली. मूळ पेटी कोणाच्या कपाटात गेली यावर आता ते ज्ञान अवलंबून नाही.

सेगा व्हीआर या मेगा ड्राइव्हसाठीच्या आभासी वास्तवाच्या (व्हीआर) हेडसेटच्या बाबतीत तर हाती मूळ वस्तूही लागली नव्हती. १९९३ मध्ये २०० डॉलर किमतीचा म्हणून दाखवलेला हा हेडसेट पुढच्या वर्षी रद्द झाला. अनुभव इतका खरा वाटतो की लोक धडपडून स्वतःला इजा करून घेतील, असे कारण सेगाने पुढे केले. त्या वेळचे सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख टॉम कालिन्स्की यांनी नंतर डोकेदुखी आणि मळमळीच्या तक्रारींचा उल्लेख केला. २०२० मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने ‘न्यूक्लिअर रश’ या अप्रकाशित खेळाचा १९९४ च्या एका सीडीवर सापडलेला सोर्स कोड पुन्हा बांधला, हेडसेट मेगा ड्राइव्हशी कसा बोलत असे ते त्या कोडवरून ताडले आणि आजच्या व्हीआर हेडसेटवर तो खेळ चालवून दाखवला. ही सर्व माहिती कुणालाही विनामूल्य वाचता येते. यात संग्राहकाचा लाभ कुठे आहे, हे आपण दाखवून द्यावे.

अटारी या अमेरिकी गेम-कंपनीच्या माइंडलिंक या डोक्याला बांधायच्या पट्टीबद्दल मी ‘विनाकारण सहानुभूती’ दाखवली, असे आपण म्हटले आहे. कपाळाच्या स्नायूंची हालचाल टिपून खेळ चालवणारी ती पट्टी वापरताना चाचणी करणाऱ्यांचे डोके दुखत असे, आणि १९८४ मध्ये अटारीची मालकी बदलल्यावर ती रद्द झाली. ती रद्द व्हायला नको होती असे मी कुठेही लिहिलेले नाही. काय करून पाहिले आणि ते का जमले नाही, एवढेच मला नोंदवायचे होते.

प्रतिक्रियेच्या शेवटी आपण लिहिले आहे की, न्यू जर्सीतल्या आपल्या मामांनी १९८१ च्या सुमारास घेतलेला इंटेलिव्हिजन मूळ खोक्यासह आपल्याकडे पडून आहे. तो कन्सोल दुर्मीळ नाही. त्या खोक्यात खेळांची यादी, हमीपत्र किंवा दुकानाची जाहिरात असा कागद असेल, तर मात्र त्यावर कीबोर्ड कंपोनंटबद्दल नेमके काय छापले आहे, किंमत दिली आहे का, ‘लवकरच’ म्हटले आहे की महिना सांगितला आहे, हे कृपया पाहावे. कागदाच्या दोन्ही बाजू कोऱ्या भागासह ६०० डीपीआयला स्कॅन कराव्यात, रंग सुधारू नयेत, आणि तळाशी बारीक अक्षरांत छपाईचा क्रमांक किंवा वर्ष असते तो भाग कापला जाणार नाही याची काळजी घ्यावी. आपली हरकत नसेल तर ते स्कॅन मी मूळ लेखाला जोडेन.