वर तेल आलेलं ग्रीस: एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या ग्रीसच्या डब्यात वर तेल आलं म्हणून तो लगेच फेकू नका, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्या लेखाखाली लातूरच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव लिहिलेलं नाही, म्हणून मी ‘भाऊ’ म्हणतो. प्रतिक्रिया थोडक्यात अशी: ‘काका, तुमचा काळ गेला. वर तेल साचलं म्हणजे ग्रीस मेलं, इतकं साधं आहे. डब्यावर तारीख असते ती बघा. दोन जातींचं ग्रीस मिसळू नये, ब्रेकला कुठलंही चालत नाही, याचा तुम्हाला पत्ताच नाही. असले घरगुती सल्ले वाचून कुणाचं चाक निखळलं तर जबाबदार कोण? आमच्या वडिलांचा अर्धा डबा मी कालच फेकून दिला. लेख काढून टाका.’

भाऊ, आधी ते ‘काका’. केस पांढरे झालेत, तेव्हा वयानं मी काका असेन, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या परभणीत काका म्हटलं की पुढचं वाक्य जरा सांभाळून बोलतात. काका म्हणायचं आणि लगेच तुमचा काळ गेला म्हणायचं, ही लातूरची रीत असेल तर मला नवीन आहे. ‘इतकं साधं आहे’, ‘पत्ताच नाही’ ही लेकराला दटावायची भाषा झाली. मी मोंढ्यात वडिलांच्या ऑइल-ग्रीस-पट्ट्यांच्या दुकानात वाढलो. शाळेतून आलं की दप्तर गल्ल्याखाली आणि हातात पिंपातलं सुटं ग्रीस काढायची फळी. मळणीयंत्रवाले, जीपवाले, ऊस वाहणारे ट्रॉलीवाले, कुणाला काय लागतं ते मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. तुम्ही कुठं शिकलात ते मी विचारत नाही.

तारखेचं तुमचं बरोबर आहे. बघावी. नवीन डबा घेताना तर बघावीच, दुकानदार मागचा माल पुढं करतो, हे दुकानदाराच्या पोराहून कुणाला जास्त माहीत असणार? पण बंद डब्याची मुदत संपली म्हणून त्या रात्री बारा वाजता ग्रीस निकामी होत नसतं. मुदत ही कंपनीनं घेतलेल्या हमीची असते.

आता तुमचं ते वाक्य, वर तेल साचलं म्हणजे ग्रीस मेलं. हे मी उभ्या हयातीत इतक्यांदा ऐकलंय की त्यावर राग यायचाही बंद झाला होता, तुम्ही परत आणलात.

ग्रीस म्हणजे मुळात तेल आणि ते धरून ठेवणारा साबण, शिवाय गंज-झीज रोखणारी थोडी रसायनं. साबण म्हणजे खराच साबण, लिथियमचा, कॅल्शियमचा, पूर्वी सोडियमचाही. डब्यातला मोठा हिस्सा तेलाचाच असतो. साबणाचं काम तेल धरायचं आणि बेअरिंग फिरायला लागलं की ते थोडं थोडं सोडायचं. अजिबात सोडलं नाही तर बेअरिंगमधल्या गोळ्यांना वंगण मिळणार कुठून? म्हणजे डब्यात जे थोडं तेल सुटतं ते ग्रीसच्या स्वभावातच आहे, फक्त ते कपाटात बसल्या बसल्या घडलेलं असतं.

एखादा वापरात असलेला डबा उघडून बघा (तुमचा तर तुम्ही फेकला, शेजाऱ्याचा बघा). कुणीतरी दोन बोटांनी मधोमध उकरून ग्रीस नेलेलं असतं आणि तेल नेमकं त्या खड्ड्यात साचलेलं दिसतं. कडेचं ग्रीस आपल्याच वजनानं दबतं, तेल खड्ड्याकडं सरकतं. म्हणून आमचे वडील शेवटचं गिऱ्हाईक गेलं की पिंपातला वरचा थर फळीनं सारखा करून मगच झाकण लावायचे. न लावता कुणी घरी निघालं की काय ऐकावं लागायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पत्र्याच्या शेडात, 42 अंशात ठेवलेल्या डब्यात तेल येणारच. भाजीवर तर्री आली म्हणून कुणी पातेलं उकिरड्यावर ओततं का? ढवळतात आणि वाढतात. ग्रीसही स्वच्छ पट्टीनं ढवळा, एकजीव झालं तर वापरा.

एकजीव झालं नाही, वरचं तेल भरपूर आणि खालचं मेणासारखं घट्ट उरलं, तर ते गेलं. तेही मी लेखात लिहिलंय, तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही. दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर धूळ गेलीय, मग ते बेअरिंगजवळ नेऊ नका, डबा आजच विकत आणलेला असला तरी. आंबूस वास, वरची साय कडक, किंवा पाणी जाऊन दुधाळ झालेलं, ही खरी लक्षणं. रंगावर जाऊ नका, लाल-निळा-हिरवा रंग कंपनी घालते.

घट्ट-मऊपणाला आकडे असतात हेही सांगून टाकतो, ‘काळ गेला’ म्हणालात म्हणून. 25 अंशाला ठराविक वजनाचा शंकू ग्रीसवर सोडतात आणि 5 सेकंदांत तो किती रुतला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. 265 ते 295 आलं तर 2 नंबर, 220 ते 250 आलं तर 3 नंबर. बोटाला 2 नंबर लोण्यासारखं वाटलं पाहिजे हे शिकायला शंकू लागत नाही, पण तुम्हाला पुस्तकी पुरावा हवा होता.

मिसळण्याचं म्हणाल तर ते नव्याकोऱ्या दोन डब्यांनाही लागू आहे. लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं (यात तेल धरायला साबणाऐवजी दुसरं रसायन असतं) पडलं तर ते पातळ होऊ शकतं, मान्य, पण लेख जुन्या डब्याबद्दल होता. ब्रेकच्या पिनांना वेगळं ग्रीस लागतं, साध्यानं रबर फुगतं, हे गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असतं. उद्या पेट्रोल पिऊ नका हेही लिहू का?

आणि ते चाक. तुमच्या नव्या गाडीच्या चाकाचं बेअरिंग बहुधा सीलबंद असतं, त्यात तुम्ही ना जुनं ग्रीस घालू शकता ना नवं. प्रश्न येतो जुन्या जीपचा, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचा, ट्रॉलीचा. जिंतूरकडचा एक जीपवाला आमच्याकडून नवं लिथियम ग्रीस घेऊन गेला आणि हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसतं तो मधला भाग, काठोकाठ ठासून भरला. परत आला तो हबला हात लावता येईना म्हणून भांडायला. बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मी जागा भरायची असते. जास्त भरलं की ते घुसळून तापतं. माल नवा होता भाऊ, तारीखही होती. माझ्या पाहण्यात बेअरिंगं गेली ती अशा ठासण्यानं आणि धुळीनं. नीट झाकून ठेवलेल्या जुन्या ग्रीसनं गेलेलं एक दाखवा.

घरासाठी तर एवढा विचारही नको. फाटकाच्या बिजागऱ्या, जॅकचा आटा, पावसाळ्याआधी रोटाव्हेटरच्या पात्यांना आणि बोल्टांना गंज धरू नये म्हणून हात फिरवायला जुना डबा मोप झाला. कुलपात घालू नका, धूळ धरून चावी अडते. छताच्या पंख्यातही नको, तिथली बेअरिंगं बहुधा सीलबंद असतात. एखाद्या बेअरिंगमधून काढलेलं काळं ग्रीस परत वापरा असं मी कुठंही म्हटलेलं नाही, त्यात लोखंडाचा कीस असतो. आता कुणी तसंही वाचेल म्हणून लिहितो.

लेख काढणार नाही. वडिलांचा अर्धा डबा कालच फेकला म्हणता. वास घेतला होता? ढवळून बघितलं होतं? की वर तेल दिसलं आणि हात झटकले? आणि फेकलात तो कुठं, गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात, घंटागाडीत की विहिरीच्या कडेला, तेवढं जरूर कळवा.